ब्राउझरपर्यंत तत्काळ सूचना : पद्धती, मतभेद आणि शिल्लक प्रश्न

एचटीटीपीच्या व्यवहारात पहिला शब्द नेहमी ब्राउझरचा असतो. ब्राउझर विनंती करतो, सर्व्हर प्रतिसाद देतो आणि तिथे व्यवहार संपतो. दस्तऐवज मागवून वाचण्यासाठी आखलेल्या या रचनेत सर्व्हरने आपणहून ब्राउझरला हाक मारण्याची सोय नाही. त्यात ब्राउझर बहुधा घरच्या राउटरमागे किंवा कार्यालयाच्या फायरवॉलमागे असतो. त्याला बाहेरून गाठता येईल असा पत्ता नसल्यामुळे सर्व्हरने त्याला शोधत जाणेही शक्य नसते. खात्यात रक्कम जमा झाली, प्रतीक्षायादीतले तिकीट पक्के झाले, कार्यालयातल्या सहकाऱ्याने अर्जावर शेरा मारला, या गोष्टी सर्व्हरला तत्क्षणी कळतात. पण त्या वापरकर्त्याच्या पडद्यावर उमटायच्या तर ब्राउझरने आधीच उघडून ठेवलेली एखादी वाट लागते. गेल्या तीस वर्षांत निघालेल्या पद्धती पाहिल्या तर ती वाट कशी उघडी ठेवायची, कोणी सांभाळायची आणि ती तुटली तर काय करायचे, याच प्रश्नांभोवती त्या फिरताना दिसतात.

विचारत राहणे आणि थांबून राहणे

सर्वांत साधी पद्धत पोलिंगची. ब्राउझर ठरावीक अंतराने ‘काही नवीन आहे का?’ असे विचारत राहतो. यात नवे काही शिकावे लागत नाही, कोणत्याही सर्व्हरवर ते चालते आणि मध्येच संपर्क तुटला तरी पुढच्या खेपेला सगळे सुरळीत होते. किंमत मोजावी लागते ती निष्फळ विचारण्यांची. दहा हजार वापरकर्त्यांनी दर पाच सेकंदांनी विचारले तर सर्व्हरवर सेकंदाला दोन हजार विनंत्या येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असते. शिवाय सूचना सरासरी अडीच सेकंद उशिरा पोहोचते ती वेगळीच.

ही विचारणी टाळण्याचे प्रयत्न वेबच्या बाल्यावस्थेतच सुरू झाले. नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये १९९५ मध्येच एका प्रतिसादाचे अनेक भाग एकामागून एक पाठवून आधीचा भाग बदलत नेण्याची सोय होती. वेबकॅमेऱ्याची चित्रे तशी दाखवली जात. खरी कलाटणी मात्र मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब ॲक्सेसच्या कामातून निघालेल्या एक्सएमएलएचटीटीपीने दिली. मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत ते आले आणि पान न बदलता पाठीमागून विनंती करणे शक्य झाले. याच तंत्राला २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी एजॅक्स हे नाव दिले. पुढच्याच वर्षी ॲलेक्स रसेल यांनी सर्व्हरकडून येणाऱ्या ओघाच्या तंत्रांना कॉमेट म्हटले.

कॉमेटमधली टिकून राहिलेली युक्ती म्हणजे लाँग पोलिंग. ब्राउझर विनंती करतो, सर्व्हर लगेच उत्तर न देता ती हातात धरून ठेवतो आणि सांगण्यासारखे काही घडले की मगच उत्तर देतो. उत्तर मिळताच ब्राउझर दुसरी विनंती लावून ठेवतो. बाहेरून पाहता हा नेहमीचाच एचटीटीपी व्यवहार असल्याने वाटेतले जुने प्रॉक्सीही त्याला अडवत नाहीत. अडचण दोन उत्तरांमधल्या फटीत आहे. एक उत्तर निघाले आणि पुढची विनंती अजून पोहोचायची आहे, एवढ्या वेळात घडलेली गोष्ट सर्व्हरला कुठेतरी साठवून ठेवावी लागते. एप्रिल २०११ मधील आरएफसी ६२०२ या दस्तऐवजात या पद्धतीचे अनुभव एकत्र केलेले आहेत. विनंती १२० सेकंदांपर्यंत धरून ठेवण्याचे प्रयोग यशस्वी झाले असले तरी ३० सेकंद ही अधिक सुरक्षित मर्यादा, असे तो सांगतो. त्यापुढे वाटेतले एखादे उपकरण जोडणी मुकाट्याने तोडण्याचा धोका वाढतो.

दोन मानके

लाँग पोलिंग ही तडजोड होती. तिच्या जागी ब्राउझरमध्येच अंगभूत सोय असावी या विचारातून दोन मानके पुढे आली.

पहिले सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे एसएसई. त्याची मूळ कल्पना इयन हिक्सन यांच्या २००४ च्या सुमाराच्या मसुद्यात सापडते आणि ऑपेरा ब्राउझरने २००६ मध्ये ती प्रयोग म्हणून राबवली. यात ब्राउझर एक साधी विनंती करतो आणि सर्व्हर तिचा प्रतिसाद कधी संपवतच नाही. त्या न संपणाऱ्या प्रतिसादात तो ओळींमागून ओळी लिहीत राहतो. मजकूर ‘डेटा’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत, त्याचा क्रमांक ‘आयडी’च्या ओळीत, आणि कोरी ओळ आली की एक संदेश पुरा. जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतःच ती पुन्हा लावतो आणि शेवटी मिळालेल्या संदेशाचा क्रमांक सोबत पाठवतो, म्हणजे पुढचे तेवढे सर्व्हरला देता येते. तुटणे गृहीत धरून त्यावरचा उपाय मानकातच घालण्याची ही दूरदृष्टी एसएसईच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेत बरीच वर्षे झाकली गेली. इंटरनेट एक्सप्लोररने ते कधीच स्वीकारले नाही आणि एजमध्ये ते जानेवारी २०२० मध्ये, क्रोमियमवर बेतलेल्या आवृत्तीबरोबर आले.

दुसरे मानक वेबसॉकेट. त्यात एचटीटीपीने बोलणे सुरू होते, पण सर्व्हरने १०१ क्रमांकाचे उत्तर दिले की त्याच जोडणीवर वेगळाच प्रोटोकॉल सुरू होतो आणि दोन्ही बाजू हवे तेव्हा बोलू शकतात. संदेशामागचा बोजाही किरकोळ आहे. सर्व्हरकडून येणाऱ्या छोट्या संदेशाला अवघ्या दोन बाइटांचे शीर्ष पुरते. क्रोमने २०१० च्या सुरुवातीला हे राबवले. पण त्याच वर्षाअखेरीस फायरफॉक्स आणि ऑपेरा यांनी ते बंद करून ठेवले. कारण समजून घेण्याजोगे आहे. ॲडम बार्थ, एरिक रेस्कोर्ला आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की काही प्रॉक्सींना हा बदललेला प्रोटोकॉल कळतच नाही. दुष्ट पानाने वेबसॉकेटवरून एचटीटीपी विनंतीसारखा दिसणारा मजकूर पाठवला, तर प्रॉक्सी त्याला खरी विनंती समजून खोटी फाइल साठवून ठेवू शकतो आणि पुढे तीच इतरांना वाढू शकतो. यावर काढलेला तोडगा असा की ब्राउझरकडून जाणारी प्रत्येक चौकट ३२ बिटांच्या यादृच्छिक किल्लीने झाकूनच पाठवायची, म्हणजे तारेवर नेमके कोणते बाइट उमटतील हे पानाला ठरवता येत नाही. डिसेंबर २०११ च्या आरएफसी ६४५५ मध्ये हा नियम कायम झाला. ही झाकणी गुप्ततेसाठी असल्याचा समज आजही आढळतो. तिचा गुप्ततेशी काही संबंध नाही.

या मानकात जोडणी पुन्हा लावण्याची, हुकलेले संदेश मागण्याची किंवा क्रमांकांची कसलीही तरतूद नाही. ती जबाबदारी अनुप्रयोगावर येते. २०१० मध्ये आलेल्या सॉकेट डॉट आयओसारख्या लायब्ऱ्यांची लोकप्रियता यातूनच आली. वेबसॉकेट न मिळाल्यास लाँग पोलिंगवर उतरणे आणि तुटल्यावर पुन्हा जोडणे ही कामे त्या स्वतःकडे घेतात.

एसएसईच्याही मर्यादा आहेत. ओघ एकाच दिशेने, सर्व्हरकडून ब्राउझरकडे वाहतो आणि मजकूर यूटीएफ-८ मध्येच असावा लागतो. एचटीटीपी/१.१ मध्ये ब्राउझर एका ठिकाणाशी साधारणपणे सहाच जोडण्या ठेवतात आणि ही मर्यादा सगळ्या टॅबना मिळून असते. तेच संकेतस्थळ सात टॅबमध्ये उघडले की सातवे पान लटकते. एचटीटीपी/२ मध्ये एकाच जोडणीवर अनेक प्रवाह वाहतात, नेहमीच्या मांडणीत शंभरएक, त्यामुळे ही अडचण बहुतांशी सुटते. एचटीटीपी/२ मधील ‘सर्व्हर पुश’ ही गोष्ट मात्र निराळी. ती पानाच्या फायली आगाऊ पाठवण्यासाठी होती, सूचनांसाठी नव्हे, आणि क्रोमने २०२२ मध्ये ती बंदही केली.

अलीकडे एसएसईचे दिवस पालटले ते अनपेक्षित ठिकाणाहून. भाषा-प्रारूपांची उत्तरे शब्दाशब्दाने पडद्यावर उमटवण्यासाठी हाच ओळींचा साचा सर्रास वापरला जाऊ लागला. देवनागरीत मात्र तिथे एक खाच आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि काना-मात्रा वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘सूचना’ या शब्दाला पंधरा बाइट लागतात. नेटवर्कवरचा तुकडा त्या तीन बाइटांच्या मधोमध तुटू शकतो. ब्राउझरची अंगभूत सोय हे सांभाळते. पण ओघ हाताने वाचणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत बदलला, तर मराठी मजकुरात मधूनच चौकटीतली प्रश्नचिन्हे दिसतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतलेल्या कोडमध्ये हा दोष कधी उघडकीलाच येत नाही.

पान बंद असताना

वरच्या सगळ्या पद्धती पान उघडे असेपर्यंतच्या. टॅब बंद केल्यावरही सूचना पोहोचावी यासाठी वेब पुशची वेगळी व्यवस्था आहे. क्रोमने ती एप्रिल २०१५ मध्ये, फायरफॉक्सने जानेवारी २०१६ मध्ये आणली. संकेतस्थळाचा सर्व्हर येथे ब्राउझरशी थेट बोलत नाही. तो संदेश गूगल, मोझिला किंवा ॲपल यांच्या पुश सेवेकडे सोपवतो. ती सेवा उपकरणाशी एकच जोडणी राखून असते आणि संदेश आल्यावर सर्व्हिस वर्कर नावाचा छोटा कार्यक्रम जागा करते. मधली सेवा परकी असल्याने मजकूर कूटबद्ध करूनच द्यावा लागतो. आरएफसी ८२९१ मध्ये त्याची रीत आहे. सेवेला मजकूर वाचता येत नाही, परंतु कोणत्या उपकरणाला कधी आणि किती वेळा संदेश गेला हे तिला दिसतेच.

मजकुराची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. पुश सेवेने किमान ४०९६ बाइट स्वीकारावेत असा दंडक असून कूटबद्धीकरणाचा भाग वजा जाता ३९९३ बाइट हाती राहतात. मराठीत ती साधारण १,३३० चिन्हे झाली, तीही काना-मात्रा धरून. एका सूचनेला हे पुष्कळ आहे. सोबत लांबलचक दुवे आणि इतर माहिती कोंबणाऱ्याला मात्र पुरत नाही.

वेब पुशची मोठी अडचण तांत्रिक नव्हती. संकेतस्थळे पहिल्या भेटीतच परवानगी मागू लागली आणि लोक कंटाळले. जानेवारी २०२० मध्ये फायरफॉक्स ७२ ने वापरकर्त्याने काही कृती केल्याखेरीज परवानगीची चौकट दाखवणे थांबवले. पुढच्याच महिन्यात क्रोम ८० ने शांत स्वरूपाची चौकट आणली. आयफोनवर ही सोय मार्च २०२३ च्या आयओएस १६.४ पासून मिळते, तीही संकेतस्थळ होम स्क्रीनवर जोडले असेल तरच.

सर्व्हरवरचा भार

उघड्या जोडण्या सांभाळणे हा एकेकाळी खरोखरच अवघड प्रश्न होता. १९९९ मध्ये डॅन केगल यांनी एका यंत्रावर दहा हजार जोडण्या कशा पेलाव्यात याची चर्चा मांडली, तेव्हा प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस किंवा थ्रेड देण्याचीच रूढी होती. लिनक्समधील ईपोल, २००४ मधील एनजिनएक्स आणि २००९ मधील नोड डॉट जेएस यांनी ती बदलली. २०१५ मध्ये एलिक्सिर भाषेतील फीनिक्स चौकटीच्या कर्त्यांनी एकाच यंत्रावर वीस लाख वेबसॉकेट जोडण्या उघड्या ठेवून दाखवल्या. निष्क्रिय जोडणी आता स्वस्त आहे.

तरीही जुन्या धाटणीच्या सर्व्हरवर ही स्वस्ताई मिळत नाही. पीएचपीच्या नेहमीच्या मांडणीत एसएसईची एक जोडणी एक पूर्ण वर्कर अडवून बसते. त्यातच सेशनची फाइल उघडी राहिली तर त्याच वापरकर्त्याच्या बाकीच्या विनंत्याही कुलूप उघडण्याची वाट पाहत रांगेत उभ्या राहतात. सूचना सुरू केल्या आणि सगळे संकेतस्थळच मंद झाले, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हे कुलूप असते. वाटेतला प्रॉक्सीही घोटाळा करू शकतो. एनजिनएक्स प्रतिसाद आपल्याकडे साठवून मग पुढे देतो, म्हणून सूचना एकदम गठ्ठ्याने येतात. मूळ सर्व्हरकडून साठ सेकंद काहीच आले नाही तर तो जोडणीही तोडतो. साठवण बंद करणे आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी एखादी नुसती टिप्पणीची ओळ पाठवत राहणे, हा त्यावरचा रूढ इलाज.

याहून कसोटीचा क्षण नवी आवृत्ती चढवतानाचा. सर्व्हर बंद करून सुरू केला की लाखभर ब्राउझर एकाच सेकंदाला परत येतात, प्रत्येकाची ओळख पटवावी लागते आणि त्या लोंढ्यात सर्व्हर पुन्हा कोसळतो. म्हणून पुन्हा जोडण्याआधी थांबण्याचा काळ दर खेपेस वाढवावा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळावी, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

निरोप हरवतो तेव्हा

कोणती वाट निवडावी यावर भरपूर लिहिले जाते. हरवलेल्या निरोपावर त्या मानाने कमी. प्रत्यक्षात वापरकर्त्याचे नुकसान दुसऱ्या कारणानेच अधिक होते. लिफ्टमध्ये शिरलेला फोन, झाकण मिटलेला लॅपटॉप, वायफायवरून मोबाइल नेटवर्कवर झालेली उडी, या सगळ्यांत जोडणी मेलेली असते आणि सर्व्हरला ते बराच वेळ कळत नाही. तो पाठवतच राहतो.

अनेक सर्व्हर असले की प्रश्न आणखी गुंततो. घटना एका यंत्रावर घडते आणि वापरकर्ता दुसऱ्याशी जोडलेला असतो. मधल्या दळणवळणासाठी बरेचदा रेडिसचे पब्लिश-सबस्क्राइब वापरतात, पण ऐकणारा त्या क्षणी हजर नसेल तर तो संदेश कायमचा गेला. पोस्टग्रेसची नोटिफाय सोय व्यवहार कायम झाल्यावरच संदेश सोडते, हा तिचा मोठा गुण. मजकुराला मात्र नेहमीच्या मांडणीत आठ हजार बाइटांपेक्षा कमी अशी मर्यादा आहे आणि गैरहजर श्रोत्यासाठी तीही काही राखून ठेवत नाही.

म्हणून सूचना आधी डेटाबेसच्या तक्त्यात लिहावी, तिला क्रमांक द्यावा आणि परतलेल्या ब्राउझरला ‘अमुक क्रमांकानंतरचे सगळे’ द्यावे, हा मार्ग रूढ झाला. तो योग्यच आहे, पण त्यातही एक चकवा दडलेला आहे. पोस्टग्रेसमध्ये क्रमांक मिळतो तो ओळ लिहिताना. ती ओळ इतरांना दिसते व्यवहार कायम झाल्यावर. समजा एका व्यवहाराने ४१ क्रमांक घेतला आणि तो रेंगाळला. दुसऱ्याने ४२ घेतला आणि लगेच संपवला. ब्राउझरला ४२ मिळाला, त्याने तीच खूण धरली. नंतर ४१ कायम झाला, पण ‘४२ नंतरचे’ मागणाऱ्याला तो कधीच मिळणार नाही. चाचणीत हे सहसा दिसत नाही. गर्दीच्या वेळी दिसते. यावर एका वापरकर्त्याच्या सूचना एकापाठोपाठ एकच लिहिण्याचे बंधन, खुणेच्या थोडे मागून वाचून दुबार आलेल्या गाळणे, किंवा डेटाबेसची बदलनोंदच वाचणे असे उपाय केले जातात. प्रत्येकाला आपापली किंमत आहे.

प्रचलित भूमिका

जाणकारांत साधारण चार भूमिका दिसतात. पहिली साध्या पोलिंगची. अर्ध्या मिनिटाचा उशीर चालत असेल तर उघड्या जोडण्यांचा व्याप कशाला, असे ती विचारते, आणि कार्यालयीन कामाच्या अनेक प्रणालींना हे तंतोतंत लागू पडते. दुसरी एसएसईची. सूचना मुळातच एकतर्फी असतात, ‘वाचले’ असे कळवायला नेहमीची विनंती पुरते, आणि एचटीटीपीवरची कुकी, प्रमाणीकरण, नोंदी ही सगळी व्यवस्था जशीच्या तशी कामी येते, असे तिचे म्हणणे. तिसरी वेबसॉकेटची. आज सूचना असतील, उद्या गप्पा, परवा एकत्र संपादन. मग पाया एकच असावा. गप्पा आणि सहसंपादनासाठी हा युक्तिवाद भक्कम आहे. चौथी भूमिका हे काम पुशर किंवा एब्लीसारख्या सेवांकडे सोपवण्याची. लहान चमूला ती मानवते, मात्र खर्च जोडण्यांच्या आणि संदेशांच्या संख्येबरोबर वाढतो आणि माहिती तिसऱ्याच्या हातून जाते. केवळ सूचनांचा विचार केला तर एसएसईची बाजू अधिक वजनदार ठरते. तुटल्यानंतरचा विचार मानकातच असलेले ते एकटेच आहे.

या चारही भूमिकांना आडवा छेदणारा आणखी एक मतभेद आहे. सूचनेत पूर्ण मजकूर पाठवावा, की ‘काहीतरी बदलले, येऊन घेऊन जा’ एवढीच खूण करावी? पूर्ण मजकुराने एक फेरी वाचते. नुसती खूण दुबार आली किंवा क्रम चुकवून आली तरी बिघडत नाही आणि परवानगीची तपासणी नेहमीच्या वाटेवरच होते. पण लाखो लोकांना एकदम खूण गेली तर ते सगळे एकदम मागायला येतात.

न सुटलेले

प्रमाणीकरणाची घडी अजून बसलेली नाही. ब्राउझरमधील एसएसई आणि वेबसॉकेट या दोन्ही अंगभूत सोयींना स्वतःचे ओळखशीर्ष जोडता येत नाही. कुकी वापरली तर वेबसॉकेटवर दुसऱ्या संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या नावाने जोडणी उघडण्याचा धोका राहतो, म्हणून ओरिजिन शीर्ष तपासणे सर्व्हरचेच काम होते. टोकन पत्त्यात घातले तर ते सर्व्हरच्या नोंदींत उमटते. काही क्षणांपुरते आणि एकदाच चालणारे तिकीट आधी मागून घेणे ही सध्याची वहिवाट.

नवा पर्याय वेबट्रान्सपोर्टचा. एचटीटीपी/३ वर चालणारा हा मार्ग एकाच जोडणीत अनेक स्वतंत्र प्रवाह आणि पोहोचण्याची हमी नसलेले वेगवान तुकडेही देतो. जानेवारी २०२२ मध्ये क्रोमने तो आणला. खेळ आणि थेट प्रक्षेपण यांना त्याचा उपयोग उघड आहे. साध्या सूचनांना त्याने काय मिळेल हे स्पष्ट नाही. शिवाय तो यूडीपीवर चालतो आणि यूडीपी अडवणारी कार्यालयीन नेटवर्क अजून आहेत, त्यामुळे जुनी वाट सोबत ठेवावीच लागते.

ब्राउझरची काटकसरही आड येते. क्रोम जानेवारी २०२१ पासून बराच वेळ झाकलेल्या पानांचे टायमर मिनिटाला एकदा इतके मंद करतो. पोलिंग आणि पानाकडून चालणारे हार्टबीट, म्हणजे जोडणी जिवंत असल्याचे ठरावीक अंतराने जाणारे संकेत, दोन्हींना त्याची झळ बसू शकते.

सर्वांत मोकळा राहिलेला प्रश्न उघड्या जोडणीवरच्या अधिकाराचा. ओळख पटवली जाते ती जोडणी लागताना, एकदा. त्यानंतर सकाळी नऊला उघडलेले पान संध्याकाळपर्यंत ऐकत राहू शकते. दुपारी त्या कर्मचाऱ्याची बदली झाली, एखाद्या फाइलवरचा त्याचा हक्क काढून घेतला, किंवा त्याने दुसऱ्या यंत्रावर पासवर्ड बदलून सगळीकडून बाहेर पडण्याचे बटण दाबले, तरी ही जोडणी आपणहून बंद होत नाही. प्रत्येक संदेशागणिक अधिकार तपासावा तर भार वाढतो. दर काही मिनिटांनी तपासावा तर तेवढी मिनिटे उघडी राहतात. हक्क काढल्याची घटनाच सूचनेसारखी सगळ्या सर्व्हरांपर्यंत पोहोचवावी तर ती स्वतः वाटेत हरवू शकते. मानकांनी यावर काही सांगितलेले नाही आणि प्रत्येक प्रणाली आपला मध्यममार्ग आपणच ठरवते.